आबांची खाट बाहेरच्या खोलीत

३ जुलै

प्रिय आत्या,

माणूस रात्री नीट झोपला होता की नाही, हे नक्की कुणी सांगायचं? ज्याचं त्याने, शेजारी झोपलेल्याने, की यंत्राने? आठवडाभर या एका प्रश्नाशी झटते आहे आणि मला उत्तर येत नाही. साहेबांसमोर हे कबूल केलेलं नाही, तुझ्यासमोर करते.

झालं असं, की आपल्या कंपनीच्या सगळ्या डेपोंतल्या ड्रायव्हरांची झोप मोजायचं ठरतं आहे. शाळेच्या बस आहेत, आत मुलं असतात, चालवणारा माणूस ताजातवाना हवा, हे तर बरोबरच आहे. पण मोजायची कशाने? एक तर मनगटावर बांधायचा बँड. तो नाडी मोजतो, हालचाल मोजतो आणि सकाळी शंभरपैकी गुण देतो. दुसरं म्हणजे फोनमधलं ॲप. फोन उशीजवळ गादीवर ठेवायचा. ते गादीची हालचाल ओळखतं, खोलीतले आवाज ऐकून ठेवतं आणि झोप हलकी झालेली बघून गजर वाजवतं. यातलं काय घ्यावं याचा अहवाल मी करायचा आहे. मुख्य ऑफिसात येऊन मला जेमतेम चार महिने झाले आणि साहेबांनी हे काम माझ्याकडे दिलं! माझ्या शब्दावर इतक्या गाड्या, इतकी मुलं. 

सोबत एक बँड पाठवते आहे. तू रोज बांध, फोनमध्ये ॲपही घे आणि दोन्हींचं काय म्हणणं पडतं ते मला कळव. फोनवर नको. फोनवर तू "हो गं, मजेत गं" म्हणून ठेवून देतेस. पत्रात तरी दोन पानं भरावी लागतात.

मीही दोन्ही लावून झोपते. बँड म्हणतो मी उत्तम झोपले, फोन म्हणतो रात्रभर तळमळत होते. मला स्वतःला आठवत नाही.

आबांना नमस्कार.

तुझी,
भिंगरी


९ जुलै

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझा बँड पोचला. डेपोत सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. एकजण म्हणाला, "मावशी, कुणी दिलं एवढं घड्याळ?" म्हटलं, घड्याळ नाही रे बाबा, आमच्या घरातल्या ग्रॅज्युएट बाईंनी माझ्या मनगटावर पोलीस बसवला आहे.

तर ऐक. बँड गुणी आहे. पहिल्या रात्रीचे गुण नव्वद! शाळेत मला कधी नव्वद मिळाले नाहीत, ते झोपून मिळाले. सकाळी तो मनगटावर हळूच थरथरतो, गुदगुल्या केल्यासारखा. त्याने मला जाग येत नाही हा भाग वेगळा. गजर मी जुनाच लावते, टेबलावरचा, कर्णकर्कश.

तुझं ते ॲप मात्र महाआगाऊ. साडेपाचचा गजर लावला तर पाचलाच कोकलायला लागलं. म्हणे आत्ता तुमची झोप हलकी आहे, उठणं सोपं जाईल. अरे, अर्धा तास माझा हक्काचा होता! वर सकाळी गुण काय, तर एक्केचाळीस. आणि आरोप काय, तर मी घोरते. आवाज भरून ठेवलेत त्याने, बटण दाबलं की ऐकवतं. ऐकले मी. घोरणं आहे खरं. मग एकदम सगळं चिडीचूप आणि मग कुणीतरी विहिरीतून वर आल्यासारखं हाप्प करून श्वास घेतं. मला तर भीतीच वाटली. मग हसू आलं. बाईमाणूस असं घोरेल का?

आबा मजेत आहेत. तुझ्या कामाचं ऐकून म्हणाले, "झोप मोजायला पगार देतात? मग मला लावा कामाला."

डोकं जरा जड असतं सकाळी, दोन कप चहा लागतो. वयाचा भाग. तू जेवतेस का वेळेवर?

आत्या


१४ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले, की पलीकडच्या टेबलावरून विचारणा झाली.

विहिरीतून वर येणारे गृहस्थ कोण ते माझ्या लक्षात आलं. आबा! त्यांच्या आणि तुझ्या खोलीत नुसती फळी आहे. ॲपला भिंत कळत नाही, माणूस कळत नाही. कानावर पडेल ते तुझ्या खात्यावर टाकतं. त्याची हीच तर उणीव आहे. एका खोलीत दोन माणसं झोपत असतील, बाळ रडत असेल, खाली रस्ता असेल, तर ॲपचा सगळा हिशेब कोलमडतो. आपल्यापैकी किती ड्रायव्हरांकडे एकट्याची खोली आहे? बँड मात्र तुझ्या अंगावर आहे. त्याला तुझ्याखेरीज कुणाचं काही कळत नाही. म्हणून माझा कल बँडकडे झुकतो आहे. साहेबांनाही तोच हवा आहे, कारण त्याची रीडिंग थेट ऑफिसच्या संगणकावर येतात. हिरवा, पिवळा, लाल. लाल असेल त्याने त्या दिवशी गाडी काढायची नाही.

खात्री करायची तर एक कर. आबांची खाट थोडे दिवस बाहेरच्या खोलीत हलव. मग ॲप गप्प बसतं का बघ.

माझं सांगू? मला हल्ली झोपायचीच धास्ती वाटते. आडवी झाले, की मनगटाकडे लक्ष जातं. हा आत्ता मला जागी धरतोय का झोपलेली? मग कूस बदलत नाही, न जाणो हालचाल मोजली जाईल. काठीसारखी पडून राहते. सकाळी गुण बघितल्याशिवाय मला बरं वाटतंय की नाही तेच ठरवता येत नाही. काल पंच्याऐंशी आले आणि दिवसभर डोळे चुरचुरत होते. हे अहवालात कुठल्या रकान्यात घालायचं?

भिंगरी


२२ जुलै

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या हुकमाप्रमाणे आबांना हद्दपार केलं. मोठा सोहळा झाला. खाट दारातून आडवी जाईना, उभी जाईना. आबा खाटेवरून उठायला तयार नाहीत. म्हणाले, "मी या खोलीत तुझ्या जन्माच्या आधीपासून झोपतो. आता नातीच्या पुस्तकी विद्येसाठी मी बाहेर?" शेवटी त्यांची उशी, तांब्या आणि रेडिओ आधी हलवला, मग त्यामागोमाग ते आपोआप गेले.

बँडचे गुण रोज ऐंशी-नव्वदच्या घरात. चाचणीला म्हणून ऑफिसने आमच्या डेपोत आणखी चार-पाच जणांना बँड दिलेत, त्यांचे रंग इथल्या संगणकावरही दिसतात. डेपोप्रमुखांनी तर पडद्यावरचा माझा हिरवा चौकोन सगळ्यांना दाखवला. "बघा, वयाने सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत हिरव्यागार." किल्ल्यांच्या फळीवर माझ्या खिळ्यावर कुणीतरी हिरवा चांदवा चिकटवला आहे. चेष्टा करतात, पण खरं सांगू, बरं वाटतं. या डेपोत मी आले तेव्हा "बाई गाडी काय चालवणार" म्हणून मला धुलाईच्या कामावर ठेवायला निघाले होते. आता त्याच फळीवर माझी किल्ली सगळ्यांत वर असते.

एक गंमत. परवा दुपारच्या फेरीला दुसरीतली ती दोन वेण्यांची मुलगी ओरडली, "ड्रायव्हरमावशी, माझं घर मागे राहिलं!" बघते तर खरंच, गल्ली मागे पडलेली. सगळी मुलं खिदळायला लागली. मीही हसले. गाडी वळवून आणली आणि तिच्या आईला सांगितलं, तुमच्या लेकीला फिरवून आणलं. विचारांत होते ना. तुझ्याच विचारांत, म्हणजे दोष तुझा.

बाकी सगळं छान. गुण बघून झोपत जाऊ नकोस. आणि तुझ्या आईला यातलं काही लिहू नकोस, ती दुकान टाकून धावत येईल.

आत्या


२७ जुलै

प्रिय आत्या,

अहवाल दिला! बावीस पानं झाली. बँड घ्यावा असं लिहिलं. ॲपची गजराची सोय चांगली आहे, फारसा खर्च नाही, पण खोलीतले बाकीचे आवाज त्यात मिसळतात म्हणून भरवसा नाही, असं लिहिलं. उदाहरण तुझंच दिलं आहे, नाव न घेता. "एका अनुभवी चालक भगिनींचे बँडवरील गुण सातत्याने उत्तम असून ॲपने शेजारच्या खोलीतील आवाज त्यांच्या नावे नोंदवले." साहेबांनी ते वाक्य खाली रेघ मारून पुढे पाठवलं.

पुढच्या महिन्यात सगळ्या डेपोंना बँड मिळतील.

तुझं पत्र पुन्हा वाचताना एक जाणवलं. आबा बाहेर गेले, हे तू लिहिलंस. खाट, तांब्या, रेडिओ, सगळं लिहिलंस. पण त्यानंतर ॲप काय म्हणालं, ते लिहिलंच नाहीस. ते आवाज थांबले ना? एका ओळीत कळव म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता. अहवाल दिल्यापासून मला एका जागी बसवत नाही. खोलीत चालते, जिन्यावर जाते, परत येते. खालची इस्त्रीवाली म्हणाली, "ताई, काही हरवलंय का?"

भिंगरी


१२ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

उशीर झाला. डेपोत काम फार होतं.

ते ॲप काढून टाकलं. बिघडलं होतं. तुझा अहवाल झाला आहे, आता त्याचं काय काम? बँड आहे ना, हिरवा आहे ना, झालं तर मग.

मी ठणठणीत आहे. तू स्वतःकडे बघ.

आत्या


१६ ऑगस्ट

चि. सौभाग्यकांक्षिणी नातीस,

आबांचे आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या आत्याने तुला शहरात शिकायला पाठवायचं म्हणून माझ्याशी तीन दिवस अबोला धरला होता, तेव्हाही मी लिहून काही दिलं नव्हतं, नुसती मान हलवली होती. आज लिहितो कारण मला माझी जागा परत हवी आहे.

बाहेरच्या खोलीत दाराच्या फटीतून वारा येतो. माझे गुडघे धरले आहेत. मी घोरतो असा माझ्यावर आळ घेऊन मला इथे टाकलं. ठीक आहे. मी बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आत्या फोन कानाला लावून बसली होती. मला आतून तोच आवाज ऐकू आला. मी म्हटलं, "बघ, मी तर इथे होतो. मग हा कोण?" ती उठून चहा टाकायला गेली. असं बरेच दिवस चाललं. रोज सकाळी फोन कानाला लावायची आणि रोज चेहरा उतरायचा. मग एक दिवस म्हणाली, फोन बिघडला. मी म्हटलं, मग माझी खाट आत घे. तर म्हणाली, "असू दे आबा, तुम्हाला बाहेरच बरं." मला वाटतं, मी ऐकू नये म्हणून बाहेर ठेवलं आहे.

मला यंत्रातलं काही कळत नाही. पण तुझी आत्या हल्ली जेवताना ताटावर डुलते. घास हातात तसाच. मी हाक मारली, की म्हणते डोळे मिटले होते, झोपले नव्हते. गेल्या आठवड्यात गाडीच्या पुढच्या कोपऱ्याला पोचा आला. डेपोत म्हणाली फाटक अरुंद आहे. ते फाटक इतकी वर्षं तेवढंच आहे. गाडी रिकामी होती म्हणे. मी विचारलं तेव्हा रागावली आणि मग माझे पाय चेपत बसली.

तू तिला सांग खाट आत घ्यायला. तुझं ऐकेल.

आबा


२१ ऑगस्ट

आत्या,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. मी तुझ्या डेपोत आहे, पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर बसून लिहिते आहे. समोर येऊन बोलले, तर तू मला दुसऱ्याच वाक्याला हसवशील, तिसऱ्याला जेवायला नेशील आणि मी परत शहरात पोचल्यावर मला आठवेल, की सांगायचं राहूनच गेलं. म्हणून आधी वाच. वाचून होईपर्यंत मी काही बोलणार नाही.

आबांचं पत्र काल ऑफिसातून घरी आल्यावर मिळालं. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी फक्त खाट मागितली आहे. ते वाचून मी तशीच कंपनीच्या डॉक्टरबाईंच्या घरी गेले. त्यांना तो आवाज सांगितला. घोरणं, मग शांतता, मग हाप्प. सकाळचं जड डोकं सांगितलं, ताटावरचं डुलणं सांगितलं. मागे राहिलेली गल्लीही सांगितली. त्या म्हणाल्या, "न तपासता मी नाव देणार नाही. पण झोपेत श्वास अडकत असेल, तर असंच होतं. माणूस रात्रभर पडून असतो, त्याला वाटतं झोपलो, आणि दिवसा शरीर झोप वसूल करतं. तपासणीआधी त्यांना गाडी देऊ नका." मी विचारलं, बँडला हे कसं दिसलं नाही? म्हणाल्या, "तुम्ही निवडलेला बँड हालचाल आणि नाडी बघतो. तुमच्या आत्या हलत नसतील. त्याने पडून राहण्याला गुण दिले." बाकी घाबरवलं नाही त्यांनी. यावर उपाय आहे म्हणाल्या. झोपताना नाकावर लावायचं यंत्र असतं, बरीच माणसं ते लावून पुन्हा नीट कामाला लागतात. पण आधी तपासणी, आणि तोवर गाडी नाही. हे दोनदा म्हणाल्या.

मी डेपोला फोन लावला, कुणी उचलला नाही. तुला लावला, तू उचलला नाहीस. मिळाली ती गाडी पकडून निघाले. वाटेत डोळ्याला डोळा लागला नाही आणि या खेपेला मनगटावर काही नव्हतं. माझा बँड मी काढून ठेवला आहे.

पोचले, तर तुझी सकाळची फेरी निघून गेली होती. आत्या, ती वेळ मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. फाटकापासून टाकीपर्यंत, टाकीपासून फाटकापर्यंत. धुलाईवाल्या बाईंनी खुर्ची दिली, मी बसले नाही. रस्त्यावर पिवळं काही दिसलं, की माझे पाय पुढे जायचे. शेवटी तुझी गाडी वळणावर आली. तू खाली उतरलीस, पाठ ताणलीस, आरशावरची धूळ पदराने पुसलीस आणि घराकडे गेलीस. मी टाकीमागे उभी होते. तुला हाक मारली असती, तर पुढचं मला जमलं नसतं.

मला ठाऊक आहे तू का लपवलंस. धुलाईचं काम, सगळ्यांत वरची किल्ली, हिरवा चांदवा. घरात कुणी शिकलेलं नसताना "ही शिकणार" असं तू आबांना ठणकावलंस, तेही या गाडीच्या जोरावरच. गाडी गेली, तर तू पुन्हा "बाई काय चालवणार" म्हणणाऱ्यांच्या तोंडी जाशील, असं तुला वाटत असणार. मलाही वाटतं. पण तू लिहिलेली ती दोन वेण्यांची मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती ओरडली म्हणून तू जागी झालीस. तू माझ्या विचारांत नव्हतीस, आत्या.

आणि मीही सगळं नीट केलेलं नाही. तो आवाज आबांचा, हे तू नाही ठरवलंस, मी ठरवलं. मला बँड हवा होता. मग जे बँडच्या विरोधात बोलत होतं, त्याला मी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं.

तू घराकडे गेल्यावर मी डेपोप्रमुखांकडे गेले. सगळं सांगितलं. ते आधी हसले, "अहो, त्या तर आमच्या सगळ्यांत हिरव्या!" मी पुढच्या कोपऱ्यातला पोचा दाखवला. मग हसले नाहीत. म्हणाले, "सख्ख्या आत्याची तक्रार करताय?" म्हटलं, तक्रार नाही, रजा मागते आहे, तिच्या वतीने, आजच्या आज. तपासणी होऊन डॉक्टरबाई लिहून देईपर्यंत तू फेऱ्यांच्या नोंदीच्या टेबलावर बसशील, तुझी जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. साहेबांनाही कळवलं, की माझा अहवाल मागे घ्या. ॲपवर नको, बँडवरही नको, हिरव्या-लालवर कुणाची गाडी काढून घेऊ नका आणि कुणाला देऊही नका. यंत्रांनी काही कुरकुर केली तर माणसाला डॉक्टरकडे पाठवा, एवढाच त्यांचा उपयोग. साहेबांचं उत्तर आलेलं नाही. माझं ऑफिसात काय होईल ते मागाहून बघू.

उद्या सकाळची तपासणीची वेळ घेतली आहे. मी तुझ्यासोबत येणार आहे. आणि आज घरी गेल्यावर आबांची खाट आपण दोघी मिळून आत घेऊ. आडवी जात नाही, उभी जात नाही, तर पाय सोडवून नेऊ.

तू मला बोलणार, हे धरून चालले आहे. अबोला धरलास तरी धर. तीन दिवस तुला जमतो, हे आबांनी कळवलं आहे.

फळीवर तुझ्या खिळ्याला किल्ली शोधू नकोस. ती मी माझ्या हाताने काढून डेपोप्रमुखांना दिली. तुझी गाडी दुपारची मुलं आणायला आत्ताच फाटकाबाहेर पडली, दुसरी चालक घेऊन गेली. तू आलीस की हे पत्र हातात द्यायला मी आता फाटकाशी जाऊन उभी राहते.

भिंगरी